ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरच्या बोर्डवर आयसी आणि रेझिस्टर सहज बदलता यावेत म्हणून काय करावं?

झिरोबोर्ड

नमस्कार मंडळी,

टू-वे बुकशेल्फ स्पीकरसाठी ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरचा (पॉवर ॲम्पच्या आधी आवाज वूफर आणि ट्विटरमध्ये वाटणारं सर्किट) पीसीबी काढतोय. लिंकविट्झ-रायली प्रकारचा फिल्टर, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. प्रत्येक चॅनलला एक इनपुट बफर, दोन लो-पास आणि दोन हाय-पास असे सॅलन-की भाग (एका ऑप-ॲम्पभोवतीचा फिल्टर). म्हणजे चॅनलमागे तीन ड्युअल ऑप-ॲम्प (एका आयसीत दोन), स्टिरिओला सहा. सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. सगळे कपॅसिटर १० नॅनोफॅरडचे धरलेत.

अडचण अशी की कटऑफ, म्हणजे आवाज जिथे वूफर-ट्विटरमध्ये विभागतो ती फ्रिक्वेन्सी, अजून ठरलेला नाही. २, २.५ आणि ३ किलोहर्ट्झ तिन्ही लावून माइकने मोजायचं आणि मग ठरवायचं. ऑप-ॲम्पही टीएल ०७२, एनई ५५३२, ओपीए २१३४ असे आलटून पालटून बघायचेत. दर वेळी डिसोल्डर पंप घेऊन बसलो तर चौथ्या-पाचव्या वेळी पॅड उखडणार हे नक्की. बोर्ड दोन लेयरचा, बाहेरून बनवून घेणार आहे, त्यामुळे ले-आउटमध्ये हवे ते बदल आत्ता करता येतील.

१) आयसी बेस (आयसी खोचायचं सॉकेट) पत्तीचा घ्यावा की गोल पिनचा?
२) रेझिस्टर-कपॅसिटर बदलायला फिमेल बर्ग स्ट्रिप (छिद्रांची सॉकेटपट्टी) चालेल का? इथे बर्‍याच जणांनी तसं केलेलं दिसतं.
३) रेग्युलेटरही बेसवर घ्यावेत का?
४) सगळं ठरल्यावर बेस तसाच ठेवायचा की काढून पार्ट थेट सोल्डर करायचा?

---

ओहम_शांती

आधी दुसर्‍या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. साधी चौकोनी फिमेल बर्ग स्ट्रिप रेझिस्टरसाठी वापरू नका. तिच्यातली पत्ती ०.६४ मिमी चौकोनी पिनसाठी केलेली असते. पाव वॅटच्या रेझिस्टरची तार ०.४५ ते ०.६ मिमी, आणि तीही गोल. पहिल्या दिवशी धरल्यासारखी वाटते, पण बोर्ड हलला की खरखर सुरू. मग माणूस ऑप-ॲम्पला दोष देत बसतो.

हवी ती गोल पिनची स्ट्रिप. दुकानात 'मशीन पिन बर्ग' किंवा 'राउंड बर्ग फिमेल' म्हणून ४० पिनची पट्टी मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. भिंगातून आत पाहिलंत तर पितळी नळीत बसवलेली छोटी क्लिप दिसेल, तिला चार पाकळ्या असतात. त्या तारेला चारही बाजूंनी धरतात, म्हणून गोल तार आणि आयसीची चपटी पिन दोन्ही नीट बसतात. साधारण ०.४ ते ०.५५ मिमीपर्यंतची तार ही तिची जागा.

या मापात काय बसतं ते असं. १एन ४१४८ डायोडची तार ०.५ मिमी, उत्तम. ५ आणि ६.३ मिमी व्यासाच्या इलेक्ट्रोलिटिकची तारही ०.५, तीही उत्तम. १० मिमी व्यासाच्या इलेक्ट्रोलिटिकची ०.६ असते, ती जोर लावून जाते. टीओ-९२ (छोट्या प्लास्टिक आवरणाचा) ट्रान्झिस्टर जातो. १एन ४००७ डायोडची तार ०.८च्या आसपास, ती घालायचीच नाही. १५ मिमी पिचच्या फिल्म कपॅसिटरचीही तीच गत. आणि चौकोनी मेल बर्ग पिन तर चुकूनही नको: तिचा कर्णच ०.९ मिमी भरतो. एकदा घातली की चारही पाकळ्या नळीच्या भिंतीला चिकटतात आणि परत उठत नाहीत. पुढे तिथे बारीक तार घातलीत तर बोर्ड उलटा केल्यावर पार्ट टेबलावर पडतो. जुन्या बोर्डवर शंका असेल तर हीच परीक्षा करा. ०.५ मिमीची मोकळी तार प्रत्येक छिद्रात घाला, बोर्ड उलटा धरून मागून टिचकी मारा. पडली तर ते छिद्र बाद.

तार घालायच्या आधी तीन गोष्टी:

टेपमधून काढलेल्या रेझिस्टरच्या टोकाला टेपचा डिंक असतो. तो भाग कापून टाका किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिंक नळीत गेला की संपर्क तुटक होतो आणि तो बाहेर काढायला मार्ग नाही.

तार ५ ते ६ मिमी ठेवा. लांब ठेवली तर पार्ट उभा डुलतो, आखूड ठेवली तर पाकळ्यांपर्यंत पोचत नाही. कटरने कापल्यावर टोकाला जी धार राहते ती फाइलने घासून घ्या.

एकदा सोल्डर झालेला पार्ट बेसमध्ये घालू नका. तारेवर उरलेला कथलाचा थर तिला जाड करतो, आणि तो आत खरवडला जाऊन पाकळ्यांत अडकतो.

आयसी बेसचंही तसंच. पत्तीचा बेस स्वस्तात येतो, गोल पिनचा त्याच्या काही पट. पण ८ पिनचे सहाच लागणार आहेत, तिथे पैसे वाचवू नका. पत्तीच्या बेसमध्ये आयसी वारंवार काढला-घातला की पत्ती सैल पडते, आणि कडेच्या १, ४, ५, ८ या पिना आधी सैल होतात, कारण स्क्रू-ड्रायव्हरने आयसी उचलताना तोच भाग पिळतो.

रेग्युलेटर बेसवर नको. ७८१५-७९१५ बदलून बघण्यात काही मिळत नाही, आणि त्यांच्या टीओ-२२० आवरणाची पिन गोल बेसमध्ये मावतही नाही.

---

सांगलीचा_सॅलन

वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नाकडे थोडं वेगळं बघा. सुटे रेझिस्टर बेसवर बसवायचे तर चॅनलमागे आठ, दोन्ही चॅनलला सोळा. कटऑफ बदलताना दर वेळी सोळा रेझिस्टर उपसायचे, सोळा घालायचे. त्यात एक चुकीचा गेला तरी दोन चॅनलची फेज जुळत नाही, आणि ते ऐकून कळत नाही, मोजूनच कळतं. त्यापेक्षा आठही रेझिस्टर एका प्लगवर घ्या आणि प्लगच बदला.

हिशेब असा. समान सी (कपॅसिटर) धरून हाय-पासला एक आर (रेझिस्टर) आणि एक २आर लागतो. लो-पासला दोन्ही आर सारखे, आणि कपॅसिटर सी व २सी. दोन्हीकडे कटऑफचं सूत्र एकच: १ भागिले (२ × पाय × √२ × आर × सी). सी १० नॅनोफॅरड धरला तर १ टक्का रेझिस्टरच्या ई-९६ या ठरावीक किमतींच्या मालिकेतून असे पडतात (के म्हणजे किलोओहम):

२ किलोहर्ट्झ: ५.६२ के आणि ११.३ के
२.५ किलोहर्ट्झ: ४.५३ के आणि ९.०९ के
३ किलोहर्ट्झ: ३.७४ के आणि ७.५ के

चॅनलमागे सहा आर आणि दोन २आर, एकूण आठ. १६ पिनच्या आयसी बेसमध्ये समोरासमोरच्या आठ जोड्या असतात. बरोबर बसलं! एक कटऑफ म्हणजे दोन प्लग, तिन्हींचे मिळून सहा.

आता यातली खरी युक्ती. दोन्ही २आर मधल्या जोड्यांवर, म्हणजे ४-१३ आणि ५-१२ या पिनांवर घ्या. बाकी सहा जोड्यांवर आर. प्लग १८० अंश फिरवून घातला तर चौथी जोडी पाचवीच्या जागी जाते, पहिली आठवीच्या, दुसरी सातवीच्या. म्हणजे २आरच्या जागी २आर आणि आरच्या जागी आरच येतो. उलटा घातला तरी काही बिघडत नाही. २आर एका टोकाला घेतलेत तर उलटा प्लग लो-पासचा क्यू (कटऑफपाशी वळणाचा आकार) बिघडवेल आणि तुम्ही दोन दिवस स्पीकरची पेटी तपासत बसाल.

प्लग कसा करायचा? तयार डिप (दोन रांगांत पिना असलेल्या आयसीच्या आकाराचा) हेडर मिळतो, वर काटे असलेला, पण हल्ली दुकानात शोधावा लागतो. शिवाय ७.६२ मिमी रुंदीत नेहमीचा पाव वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर ओढूनताणून बसतो. त्याचं अंग ६.३ मिमी लांब आणि जवळपास २.५ मिमी जाड, तर २.५४च्या पिचवर शेजारी शेजारी घासतात. त्यापेक्षा बोर्ड बाहेरून करून घेताच आहात, तर त्याच पॅनलवर २१ बाय १० मिमीचे छोटे बोर्ड टाका. वर आठ १२०६ साइझचे एसएमडी (पृष्ठभागावर सोल्डर होणारे) रेझिस्टर, खाली गोल पिनच्या मेल स्ट्रिपचे दोन ८ पिनचे तुकडे. ही मेल स्ट्रिपसुद्धा गोलच हवी, टोक साधारण ०.५ मिमीचं. चौकोनी बर्ग लावलीत तर काय होतं ते वर आलंच आहे. कुठला प्लग किती किलोहर्ट्झचा हे सिल्कस्क्रीनवर छापायला चौकोन ठेवा, मार्करने लिहिलेलं पुसलं जातं.

कपॅसिटर बेसवर घेऊच नका. १० नॅनोचे पॉलिप्रॉपिलीन बॉक्स, ५ मिमी पिच. चॅनलमागे दहा लागतात (२सी म्हणजे दोन समांतर), स्टिरिओला वीस. चाळीसेक आणा, मीटरने मोजून १ टक्क्यात बसणारे वीस निवडा आणि कायमचे सोल्डर करा. कटऑफ फक्त आरने हलवायचा.

---

झिरोबोर्ड

@सांगलीचा_सॅलन, प्लगची कल्पना झकास. सिमेट्रीचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका. मोजणी चालू असताना, म्हणजे ॲम्प्लिफायर चालू ठेवूनच प्लग बदलला तर? फक्त रेझिस्टरच तर आहेत.

---

सांगलीचा_सॅलन

अजिबात नको. 'फक्त रेझिस्टर' नाहीत ते. हाय-पासमधला २आर हा ऑप-ॲम्पच्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला ग्राउंडशी जोडणारा एकमेव डीसी रस्ता आहे. तो काढला की इनपुट तरंगतं, बायस करंट (इनपुट पिनचा स्वतःचा बारीक करंट) कपॅसिटर चार्ज करत जातो आणि आउटपुट १३-१४ व्होल्टवर जाऊन चिकटतं. तुमचा पॉवर ॲम्प डीसी-कपल्ड (इनपुटला कपॅसिटर नसलेला) असेल तर तो डीसी सरळ ट्विटरच्या कॉइलमध्ये. ट्विटर जळायला एवढं पुरेसं आहे. ॲम्पच्या इनपुटला कपॅसिटर असला तरी जो धक्का बसतो तो ट्विटरला मानवणारा नाही. लो-पासला हाच प्रकार वूफरच्या बाबतीत, कारण तिथे इनपुटचा डीसी रस्ता त्या दोन आरमधूनच येतो.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, प्रत्येक भागाच्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम बोर्डवरच कायमचा सोल्डर करा. हाय-पासमध्ये तो ११.३ के ओहमला समांतर येऊन ११.१७ के होतो, म्हणजे नाममात्र फरक. लो-पासमध्ये प्रत्येक भागाला साधारण ०.१ डीबी कमी होतात, दोन भागांचे ०.२. ते पुढे लेव्हल लावताना भरून निघतात. ५५३२चा बायस करंट २०० नॅनोॲम्पिअर धरला तर प्लग नसताना त्या इनपुटला ०.२ व्होल्ट येईल. चौदा व्होल्टपेक्षा बरं.

दुसरं, ट्विटरच्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा फिल्म किंवा बायपोलर कपॅसिटर ठेवा. ६ ओहमला त्याचा कटऑफ ५६० हर्ट्झच्या आसपास पडतो, तुमच्या २ किलोहर्ट्झपासून बराच खाली. मोजणीच्या काळात तर तो हवाच, पुढेही काढायची घाई करू नका.

आणि हे सगळं करूनही बदल करताना आधी पॉवर ॲम्प बंद, मग क्रॉसओव्हर बंद. चालू करताना उलट क्रम.

---

कथील_६०_४०

ऑप-ॲम्प बदलण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

बेस आहे म्हणून काहीही घालता येतं असं नाही. तुमचे सॅलन-की भाग युनिटी गेनचे (सिग्नल न वाढवणारे) आहेत, म्हणजे युनिटी गेनला स्थिर असलेलाच ऑप-ॲम्प हवा. ५५३२, ०७२, २१३४, एलएम ४५६२ चालतील. ५५३४ नाही: एक तर तो सिंगल आहे, त्याची पिन-रचना वेगळी, आणि वर गेन ३च्या खाली त्याला बाहेरून कपॅसिटर द्यावा लागतो. सिंगल आयसीची पिन ७ म्हणजे पॉझिटिव्ह सप्लाय, ड्युअलची पिन ७ म्हणजे आउटपुट. ८ पिनच्या बेसमध्ये दोन्ही गुमान बसतात, बेस काही बोलत नाही. सीमॉसचे ५ व्होल्टवाले, एमसीपी ६००२ सारखे, ३० व्होल्टवर घातले की तिथल्या तिथे गेले.

आता ले-आउट. प्रत्येक आयसीच्या दोन्ही सप्लाय पिनांना मालिकेत १० ओहम, पाव वॅट, फ्युझिबल किंवा फ्लेमप्रूफ. त्याच्या पुढे, आयसीच्या बाजूला, दोन्ही रेलवर १०० नॅनोफॅरड एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला. गोल पिनच्या बेसची मधली चौकट उघडी असते, तिच्या आत ०८०५ साइझचे दोन कपॅसिटर छान मावतात. पिन ८ आणि ४पासून काही मिलिमीटरवरच येतात. बेसमुळे आयसी ४-५ मिमी वर उचलला जातोच, त्यात कपॅसिटर आणखी लांब ठेवला तर ४५६२सारखा ५५ मेगाहर्ट्झचा ऑप-ॲम्प हमखास ऑसिलेट होतो. ०७२ त्याच जागी गप्प बसतो, मग लोक म्हणतात ४५६२चा आवाज 'टोचतो'. टोचणारच.

त्या १० ओहमचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. त्याच्या दोन टोकांना मीटर मिलिव्होल्टवर लावा. सिग्नल नसताना एका पूर्ण आयसीसाठी साधारण असं दिसायला हवं:

टीएल ०७२: २८ मिलिव्होल्ट
एनई ५५३२: ८०
ओपीए २१३४: ८०
एलएम ४५६२: १००

थोडंफार वर-खाली होईल. पण दुप्पट दिसलं तर बहुतेक ऑसिलेशन आहे, स्कोप लावा. ओपीए २१३४ छापलेला आयसी ३० मिलिव्होल्ट दाखवत असेल तर वरचा छापा ओपीएचा आणि आतला माल भलताच. स्वस्तातल्या ऑनलाइन मालात हे फार चालतं. खात्री करायची तर बफरमध्ये टाकून १० व्होल्ट पीक-टू-पीकची स्क्वेअर वेव्ह द्या. खरा २१३४ मायक्रोसेकंदाला २० व्होल्ट चढतो, कड अर्ध्या मायक्रोसेकंदात उभी राहते. आत ४५५८ हा संथ ऑप-ॲम्प असेल तर सहा मायक्रोसेकंद लागतात, नुसत्या डोळ्यांनी कळतं.

आयसी उलटा घातला तर पिन ८ आणि ४ची अदलाबदल होते, सप्लाय आतल्या डायोडमधून वाहायला लागतो. तेव्हा हा १० ओहम जळतो आणि ट्रॅक वाचतो. म्हणून तो पाव वॅटचाच ठेवा, 'मजबूत हवा' म्हणून २ वॅटचा लावू नका.

नवा आयसी घालताना: पॅकिंगच्या नळीतून काढलेल्या डिप आयसीच्या पिना बाहेर फाकलेल्या असतात. टेबलावर एक बाजू टेकवून हलकेच दाबा, पिना सरळ ९० अंशांत आणा, मग दुसरी बाजू. तसाच दाबून घातलात तर एखादी पिन बेसमध्ये न जाता पोटाखाली दुमडते. वरून बघितलं तर व्यवस्थित बसलेला दिसतो. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आणून दिव्यासमोर धरा, बेस आणि आयसीच्या मधल्या फटीतून आठही पिना मोजा.

---

तपकीर_गल्ली

एसओ-८ (८ पिनचा छोटा एसएमडी आयसी) विसरलात. हल्ली बरेच चांगले ऑप-ॲम्प डिपमध्ये मिळत नाहीत, ओपीए १६१२ तर येतच नाही. एसओ-८ ते डिप ॲडाप्टर स्वस्त आहेत, पण त्यांच्याबरोबर पिशवीत चौकोनी बर्ग पिना येतात. त्या फेकून द्या, गोल मेल स्ट्रिप लावा. पिना सोल्डर करताना स्ट्रिपचे दोन तुकडे एका जुन्या, टाकाऊ बेसमध्ये खोचून ठेवा म्हणजे सरळ राहतात. चांगल्या बेसमध्ये खोचून तापवू नका, प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. आणि ॲडाप्टरवर पिन ८ ते ४ मध्ये आणखी एक १०० नॅनो थेट लावा, कारण आता चिप बोर्डपासून सेंटिमीटरभर वर आहे.

---

मालवणी_मायक्रोफॅरड

मी जरा विरोधी सूर लावतो. बेसचं कौतुक पुण्या-नाशिकच्या हवेत ठीक. किनार्‍यावर, मग ते रत्नागिरी असो की पणजी, दोन पावसाळे गेले की बेस हाच बोर्डवरचा सगळ्यात कच्चा दुवा होतो.

कारण साधं आहे. ऑप-ॲम्पच्या इनपुट पिनमधून जाणारा करंट नॅनोॲम्पिअरमध्ये, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये. संपर्कावर ऑक्साइडचा पापुद्रा आला तर तो फोडायला एवढा करंट पुरत नाही. सप्लायच्या पिनला तोच पापुद्रा जाणवतही नाही. म्हणून बेसचा दोष नेहमी सिग्नलच्या पिनवर दिसतो: आधी खरखर, मग एक चॅनल मध्येच गायब, आणि आयसी बोटाने दाबला की परत चालू.

त्यात कथलाचा मुलामा असलेली आयसीची पिन आणि सोन्याच्या मुलाम्याचा संपर्क ही जोडी फारशी जमत नाही. बोर्ड तापतो-निवतो, पिन सूक्ष्म हालते, कथलाचा चुरा सोन्यावर पसरतो आणि गंजतो. सोन्याला सोनं, कथलाला कथील हा जुना नियम. पण डिप आयसी बहुतेक कथलाच्याच पिनांचे येतात, आणि चांगले गोल बेस सोन्याच्या क्लिपचे. तेव्हा तडजोड आलीच. मी तरीही गोल पिनचा सोन्याचाच बेस घेईन, कारण त्याच्या पाकळ्यांचा दाब जास्त असतो आणि आयसी एकदा काढून घातला की घासून संपर्क परत उजळतो. पत्तीच्या बेसमध्ये हाच उपाय पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

आणखी एक, आयसी हळूहळू वर सरकतो. रोज तापणं-निवणं, वर स्पीकरशेजारची थरथर. वर्षभराने झाकण उघडलं की अंगठ्याने दाबून बघा, 'कट्' असा आवाज आला तर तो सरकलेला होता.

काय करू नये ते: डब्ल्यूडी-४० मारू नका, त्याचा तेलकट थर धूळ धरून बसतो. पॉलिश पेपर पिनला लावू नका, मुलामाच निघतो. आयसोप्रोपिल आणि ब्रश एवढंच. दमट हवेसाठी बोर्डवर लॅकर मारणार असाल तर आधी सगळे बेस मास्किंग टेपने झाका. लॅकर केशाकर्षणाने नळीत शिरतं आणि एकदा वाळलं की बेस फेकावा लागतो.

थोडक्यात, माझ्या मते बेस ही चाचणीची सोय आहे. कटऑफ ठरला की रेझिस्टर थेट बोर्डवर आले पाहिजेत. ऑप-ॲम्पचा बेस ठेवायचा तर ठेवा, दुरुस्तीला बरा पडतो.

---

झिरोबोर्ड

@मालवणी_मायक्रोफॅरड, बोर्ड चिपळूणला जाणार आहे, तेव्हा तुमचं ऐकावंच लागेल! पण मग १६ पिनचा बेस काढायचा कसा? सोळा पिना एकदम गरम करणं म्हणजे पॅडची वाट.

आणि ट्विटरची लेव्हल ० ते उणे ६ डीबीमध्ये कुठेतरी लागेल, तिथे काय ठेवू?

---

ओहम_शांती

बेस काढायचाच नाही. ले-आउटमध्ये प्रत्येक रेझिस्टरसाठी दुसरी जागा आधीच ठेवा. बोर्डच्या खालच्या बाजूला, बेसच्या बरोबर पोटाखाली, प्रत्येक जोडीच्या दोन पिनांमध्ये १२०६चे पॅड टाका. जोडीतलं अंतर ७.६२ मिमी, १२०६ची लांबी ३.२, ऐसपैस बसतं. कटऑफ ठरला की खालून आठ एसएमडी रेझिस्टर लावायचे आणि वरचा प्लग काढून टाकायचा. बेस रिकामा राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि हो, दोन्ही एकदम राहिले तर रेझिस्टर समांतर होऊन कटऑफ दुप्पट होईल, तेव्हा प्लग काढल्याची खात्री करा. उद्या परत प्रयोग करावासा वाटला तर एसएमडी काढणं गरम टोकाने दोन सेकंदांचं काम आहे.

कायमचा थ्रू-होल रेझिस्टर हवा असेल तर बेसच्या बाहेर, शेजारी १० मिमी पिचचे पॅड द्या. फक्त तो ट्रॅक लो-पासमध्ये लांब फिरवू नका.

लेव्हलसाठी जंपर लावू नका. जंपर काढला-घातला की मधल्या क्षणी काय जोडलेलं आहे याचा दर वेळी विचार करावा लागतो. १० केचा मल्टिटर्न ट्रिमपॉट गोल पिनच्या तीन छिद्रांत बसवा, २.५४ पिचवर तीन पिना सरळ रेषेत असलेला प्रकार बघून घ्या. वायपरपासून ग्राउंडला १०० के कायमचा सोल्डर करा, म्हणजे वायपर उचलला गेला तरी पुढचं इनपुट तरंगणार नाही. माइकने लेव्हल जुळली की ट्रिमपॉट तसाच उपसा, मीटरने दोन्ही बाजूंचे ओहम मोजा आणि जवळचे १ टक्का रेझिस्टर त्याच तीन छिद्रांशेजारच्या पॅडवर लावा. फिरवलेला स्क्रू वाटेत हलू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब. बेसवर ट्रिमपॉट ठेवण्याचा खरा फायदा हाच की तो सर्किटबाहेर काढून मोजता येतो. सर्किटमध्ये मोजलात तर समांतर रस्त्यांमुळे आकडा खोटा येतो.

---

कथील_६०_४०

होल साइझ कुणी सांगितली नाही. गोल पिनच्या शेपटीचा व्यास ०.५ मिमीच्या आसपास, तयार होल ०.८ मिमी द्या. ले-आउट सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतल्या डिप फूटप्रिंटला (पॅड-होलच्या तयार आराखड्याला) हेच असतं, पण सिंगल-इन-लाइन बर्गच्या फूटप्रिंटला १ मिमी असतं. १ मिमीत शेपटी खेळते, स्ट्रिप तिरकी बसते आणि मग ट्रिमपॉट नीट जात नाही. तो फूटप्रिंट बदलून घ्या.

स्ट्रिप लावताना आधी एकच पिन सोल्डर करा, बोर्ड उचलून स्ट्रिप काटकोनात आहे का बघा, तिला बोटाने दाबून तोच डाग परत वितळवा, मग बाकीच्या. स्वस्त स्ट्रिपची नळी कधी कधी खालून उघडी असते, जास्त कथील ओतलं की ते वर पाकळ्यांपर्यंत चढतं. घेताना उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं तर दुसरी मागा.

आणि १६ पिनच्या बेसच्या दोन्ही टोकांना वरच्या लेयरवर ट्रॅक नेऊ नका. प्लग उचलताना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथेच टेकतं, दहा वेळा टेकलं की हिरवा थर निघून ट्रॅक कापला जातो.

---

झिरोबोर्ड

फूटप्रिंट तपासला, खरंच १ मिमी होता. ०.८ केला. १ मेगओहम आणि खालचे १२०६ पॅड टाकून सुधारित ले-आउट इथे चढवतो, गर्बर (बोर्ड बनवायच्या फायली) पाठवायच्या आधी नजर टाका.

---

सांगलीचा_सॅलन

चढवा. फक्त प्लगचे छोटे बोर्ड सहा नाही, दहा टाका. माइकने मोजल्यावर २.२ किंवा २.८ लागला तर कोरा प्लग हाताशी हवा.